हर्मायनीचे कूळ शोधणाऱ्या मित्रांना खुले पत्र

प्रति,
हर्मायनी ग्रेंजरचे ‘खरे’ आईवडील शोधणाऱ्या सर्व मराठी पॉटरप्रेमींस,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग सांभाळते. गेल्या महिन्यात सातवीतील एक मुलगी हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागाची मराठी प्रत परत करायला आली. त्या प्रतीच्या पाठीला आम्ही आतापर्यंत दोनदा चिकटपट्टी लावली आहे, इतकी ती हातोहात फिरली आहे. नोंदवहीत सही करता करता तिने मला हॅरीच्या हुशार मैत्रिणीबद्दल विचारले, “ताई, हर्मायनी खरी जादूगारांचीच मुलगी आहे ना? त्या दातांच्या डॉक्टरांनी तिला दत्तक घेतलंय ना?” हे तुला कोणी सांगितले, असे मी विचारले, तेव्हा तिने मोबाइलवर पाहिलेल्या एका व्हिडिओची सगळी हकीकत मला ऐकवली आणि शेवटी अगदी समाधानाने म्हणाली, “मला वाटलंच होतं. नाहीतर तिला एवढं सगळं कसं येईल?”

तिच्या या शेवटच्या वाक्यामुळे मी हे पत्र लिहिते आहे.

मी स्वतः तुमच्यातलीच आहे, हे आधी सांगायला हवे. सहाव्या भागाच्या शेवटी खोट्या लॉकेटात सापडलेल्या चिठ्ठीवरची ‘आर. ए. बी.’ ही आद्याक्षरे कोणाची, या प्रश्नाने २००५ ते २००७ ही दोन वर्षे जगभरातल्या वाचकांना झोपू दिले नव्हते. डच अनुवादात ती ‘आर. ए. झेड.’ झाली आहेत आणि नॉर्वेजियन अनुवादात ‘आर. ए. एस.’, म्हणजे त्या त्या भाषेत ज्या घराण्याचे आडनाव बदलून घेतले आहे त्याच घराण्यातला हा माणूस असला पाहिजे, म्हणजेच तो हॅरीचा धर्मपिता सिरियस ब्लॅक याचा भाऊ रेग्युलस ब्लॅक असला पाहिजे, असा तर्क वाचकांनी बांधला आणि सातव्या भागात तो अक्षरशः खरा ठरला. वाचन इतके बारकाईने करता येते, हे मला त्या तर्कानेच शिकवले. हॅरीचा शिक्षक स्नेप हा व्हॅम्पायर असावा, हा तर्कही मी आवडीने वाचलेला आहे. त्याचा फिकट चेहरा, रात्री-अपरात्री वाड्यात फिरणे आणि वटवाघळाच्या पंखांसारखा फडफडणारा काळा झगा हे सगळे पुस्तकातच आहे. लेखिका जे. के. रोलिंग यांना २००४ मध्ये वाचकांनी हा प्रश्न थेट विचारला आणि त्यांनी नकार दिला, तेव्हा तो विषय संपला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या जॉन स्नो या पात्राची आई कोण, हे कोडे तर जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी १९९६ च्या पहिल्याच कादंबरीत मुद्दाम घालून ठेवले होते. त्याच्या अंगात ड्रॅगनवाल्या राजघराण्याचे रक्त आहे, हे चाहत्यांनी निळ्या गुलाबांच्या आणि मरणाऱ्या बहिणीला दिलेल्या वचनाच्या आधाराने वर्षानुवर्षे मांडले आणि २०१६ मध्ये दूरदर्शन मालिकेने त्यावर शिक्कामोर्तब केले. या सगळ्या ठिकाणी कथेने प्रश्न विचारला होता आणि वाचक उत्तर शोधत होते.

हर्मायनीच्या बाबतीत कथेने प्रश्न विचारलेलाच नाही. तिचे आईवडील कोण, हे पहिल्या भागापासून स्वच्छ सांगितलेले आहे. ते दोघेही दंतवैद्य आहेत, दोघेही मगल, म्हणजे जादू न येणारी माणसे, आहेत, आणि घरात कोणालाही जादू येत नसताना हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचे पत्र आल्यावर आपल्याला केवढे आश्चर्य वाटले, हे हर्मायनी आगगाडीच्या डब्यात हॅरी आणि रॉनला पहिल्याच भेटीत सांगून टाकते. तरीही तुमचे तर्क संपत नाहीत. कोणी तिला जादूगारांच्या ब्लॅक घराण्यातली ठरवते, कोणी शाळेतला हॅरीचा वैरी मॅल्फॉय याची जुळी बहीण, तर कोणी खुद्द खलनायक व्होल्डेमॉर्टची मुलगी. तुमचे पुरावेही मी प्रामाणिकपणे वाचले आहेत. तिच्या आईवडिलांना सातही भागांत स्वतःचे नाव नाही आणि ते दोन-चार प्रसंगांपलीकडे दिसत नाहीत, हे खरे आहे. ग्रीक पुराणातली हर्मायनी ही हेलन आणि मेनेलाउस यांची मुलगी, म्हणजे झ्यूसची नात, हेही खरे आहे. सगळ्यात वजनदार पुरावा म्हणून तुम्ही सहाव्या भागातला स्लगहॉर्नचा प्रश्न पुढे करता. त्या प्रसंगाजवळ मला जरा थांबू द्या, कारण माझ्या मते तुमच्या तर्काच्या अगदी विरुद्ध असलेली गोष्ट तिथे सांगितलेली आहे.

काढे आणि रसायने शिकवणाऱ्या स्लगहॉर्नचा तो पहिला तास आहे. कढया उकळत आहेत, आणि तो विचारील त्या प्रत्येक काढ्याचे नाव हर्मायनी हात वर करून सांगते आहे. अखेर तो तिचे नाव विचारतो आणि ‘ग्रेंजर’ हे आडनाव ऐकताच म्हणतो, की रसायनज्ञांची ती नामांकित संस्था स्थापन करणारे हेक्टर डॅगवर्थ-ग्रेंजर तुमच्या नात्यातले तर नव्हेत? हर्मायनी उत्तर देते, की तसे काही वाटत नाही, सर, मी मगल कुटुंबातली आहे. एवढ्या प्रश्नावर तुम्ही सगळी इमारत उभी केली आहे. परंतु त्याच्या आधीची काही प्रकरणे उलटून पाहा. हॅरी आणि मुख्याध्यापक डम्बलडोर स्लगहॉर्नला पहिल्यांदा भेटायला जातात, तेव्हा तो हॅरीच्या आईबद्दल, म्हणजे लिलीबद्दल, म्हणतो की ती इतकी हुशार होती की मला ती शुद्ध रक्ताचीच वाटली होती. माझी एक जवळची मैत्रीण मगल कुटुंबातली आहे आणि आमच्या वर्गात पहिली येते, असे हॅरी त्याला ऐकवतो. त्यावर, असे कधी कधी होते, गंमतच आहे, असे स्लगहॉर्न म्हणतो, आणि यात गमतीचे काही नाही, असे हॅरी थंडपणे उत्तर देतो.

लेखिकेने हे दोन प्रसंग एकमेकांना जोडूनच लिहिले आहेत. स्लगहॉर्न दुष्ट नाही. त्याला गुणवंत मुले मनापासून आवडतात आणि हर्मायनीचे उत्तर ऐकून तो नाराजही होत नाही, उलट खूश होतो. मात्र गुण दिसला की त्याचे मन आपोआप कुळाकडे वळते, ही त्याच्या मनाची खोड आहे आणि ती खोड वाचकाला दिसावी म्हणूनच तो प्रश्न तिथे आहे. तुम्ही त्या खोडीलाच पुरावा मानता, आणि तुमच्या व्हिडिओतून तीच खोड सातवीतल्या मुलीपर्यंत पोचते.

हा प्रश्न मला इतका ओळखीचा का वाटतो, हेही सांगते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मला आलेल्या क्षारात नायट्रेट होते आणि परीक्षानळीत ती तपकिरी कडी पहिल्याच प्रयत्नात इतकी सुरेख धरली, की बाहेरून आलेले परीक्षक नळी उजेडाकडे धरून थोडा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तोंडी परीक्षेतले सगळे प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे दिल्यावर त्यांनी माझ्या आडनावाचे एक प्रसिद्ध प्राध्यापक आमच्या जिल्ह्यात होऊन गेले त्यांचे नाव घेतले आणि विचारले, “त्यांच्या नात्यातल्या का तुम्ही?” मी म्हणाले, “नाही सर, माझे वडील एस.टी.च्या आगारात मेकॅनिक आहेत.” ते हसून म्हणाले, “असं का? छान, छान. तुमचं काम बघून वाटलं.” गुण त्यांनी भरभरून दिले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु परीक्षागृहातून बाहेर आल्यावर मला आठवत होते ते प्रवेशाच्या दिवशी फीच्या खिडकीसमोर दोन तास उभे राहिलेले माझे वडील. नोटा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवल्या होत्या आणि अर्जावर सही नेमकी कुठे करायची, हे ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. माझ्या हातातल्या त्या तपकिरी कडीचे श्रेय क्षणभर का होईना दुसऱ्याच कोणा घराण्याकडे गेले, असे मला वाटले. पुढे सहावा भाग वाचताना मी स्लगहॉर्नच्या प्रश्नापाशी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

हर्मायनीला ‘एवढं सगळं’ कसे येते, याचे उत्तर पुस्तकांमध्ये पानोपानी दिलेले आहे. आगगाडीच्या त्या डब्यात ती सांगते, की नेमलेली सगळी पुस्तके आपण पाठ केली आहेत, आणि लगेच पुढे म्हणते, की तेवढे पुरेल एवढीच आशा आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलीची ही धाकधूक मला आजही डोळ्यांसमोर दिसते. तिसऱ्या वर्षी ती इतके विषय घेते की एका वेळी दोन तासांना बसता यावे म्हणून तिला काळ मागे फिरवणारे घड्याळ गळ्यात घालून वर्षभर वावरावे लागते. त्याच वर्षी परीक्षेत बॉगार्टशी सामना होतो, म्हणजे समोरच्या माणसाची सगळ्यात मोठी भीती जे रूप धारण करते त्या प्राण्याशी, तेव्हा हर्मायनीसमोर राक्षस येत नाही की मृत्यू येत नाही. तिच्यासमोर प्राध्यापिका मॅकगोनागल येतात आणि तू सगळ्या विषयांत नापास झाली आहेस, असे सांगतात. वाचक तिथे हसतात. ज्या घरात पिढीत पहिल्यांदा कोणी शिकते आहे, त्या घरातल्या मुलीला ते हसू येत नाही. मॅल्फॉय नापास झाला तरी मॅल्फॉयच राहतो, त्याचा वाडा आणि त्याचे आडनाव कुठेही जात नाही. हर्मायनीला मात्र आपल्याला परत पाठवतील ही भीती आहे, आणि तिच्या कपाळी गुप्त राजघराणे लिहिले की ती भीतीच खोटी ठरते.

उलट बाजूला तिचा वर्गमित्र नेव्हिल आहे. त्याचे घराणे शुद्ध रक्ताचे आणि मानाचे, तरीही त्याच्यात जादू आहे की नाही याची घरच्यांना शंका होती. ती बाहेर पडावी म्हणून त्याच्या काकाआजोबांनी त्याला ब्लॅकपूलच्या धक्क्यावरून पाण्यात ढकलले होते आणि तो बुडता बुडता वाचला होता. दुसऱ्या भागात लुशियस मॅल्फॉय आपल्या मुलाला दुकानात दुकानदारासमोर सुनावतो, की जादूगारांच्या कुळातली नसलेली एक मुलगी प्रत्येक परीक्षेत तुझ्या पुढे जाते याची तुला लाज वाटायला हवी. मॅल्फॉय कुटुंबाला हर्मायनी डोळ्यांत सलते ती नेमकी याच कारणासाठी. तिच्या पाठीशी एखादे मोठे घराणे असते, तर त्यांनी तिला जेवायला बोलावले असते.

आता मी सातव्या भागातल्या ज्या प्रकरणाकडे येते, ते वाचल्याशिवाय हर्मायनीच्या कुळाविषयी कोणी एक शब्दही लिहू नये, असे मला कळकळीने वाटते. तेराव्या प्रकरणात जादू मंत्रालय व्होल्डेमॉर्टच्या माणसांच्या हाती गेलेले आहे आणि मगल कुटुंबांत जन्मलेल्या जादूगारांची नोंदणी करणारा एक आयोग नेमला गेला आहे. जादू ही फक्त जादूगार आईवडिलांकडूनच मुलांकडे येते असे संशोधनाने सिद्ध झाले आहे, त्यामुळे ज्यांच्या वंशात जादूगार असल्याचा पुरावा नाही त्यांनी ती चोरली असली पाहिजे, असे त्या आयोगाचे म्हणणे आहे. मेरी कॅटरमोल या तीन मुलांच्या आईची तिथे चौकशी चालते. तुझ्या प्रश्नावलीत आईवडिलांचा व्यवसाय भाजीविक्री असा लिहिला आहे, असे मंत्रालयातली अधिकारी डोलोरेस अंब्रिज वाचून दाखवते आणि शेजारचा अधिकारी कुत्सितपणे हसतो. तुझी छडी कोणत्या जादूगाराकडून घेतलीस, असे तिला विचारतात. ती बिचारी रडत रडत सांगते, की कोणाकडूनही घेतली नाही, अकरा वर्षांची असताना विकत घेतली, आणि त्या छडीने मला निवडले. त्यावर अंब्रिज उत्तर देते, की छड्या फक्त जादूगारांनाच निवडतात आणि तू जादूगार नाहीस.

त्याच बाकावर, अंब्रिजच्या शेजारी, माफाल्डा हॉपकर्क या कारकून बाईचे रूप घेतलेली हर्मायनी बसलेली आहे आणि हे सगळे तिला स्वतःच्या हाताने नोंदवून घ्यावे लागते आहे. अंब्रिजच्या गळ्यात लाच म्हणून मिळालेले, हॉगवर्ट्सच्या संस्थापकांपैकी स्लिदरिनचे लॉकेट आहे, आणि हर्मायनीने त्याची स्तुती करताच ती सांगते की त्यावरचा ‘एस’ म्हणजे सेल्विन, ते माझ्या पूर्वजांचे घराणे. ते साफ खोटे आहे. त्या खोलीत जिच्याजवळ खरी विद्या आहे ती मुलगी आपले नाव लपवून बसली आहे, आणि जी बाई खोटी वंशावळ गळ्यात घालून मिरवते आहे ती न्यायासनावर आहे. मित्रांनो, हर्मायनीला जादू येते म्हणजे तिच्या रक्तात ती आधीच असली पाहिजे, असे तुम्ही म्हणता तेव्हा तुम्ही त्या आयोगाचे पहिले वाक्य मान्य करता. तुमचा हेतू प्रेमाचा आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तुमच्या वाक्यानंतर आयोगाचे दुसरे वाक्य फारसे दूर राहत नाही.

यावर तुम्ही जो आक्षेप घ्याल तो मला ठाऊक आहे आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही. शेवटचा भाग प्रसिद्ध झाल्यानंतर लगेच, जुलै २००७ मध्ये, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना रोलिंग यांनीच सांगितले होते, की मगल कुटुंबात जन्मलेल्या प्रत्येक जादूगाराच्या वंशात कुठेतरी, कधी कधी अनेक पिढ्यांपूर्वी, एखादा जादूगार असतो आणि तो गुण अचानक वर येतो. हे उत्तर तुम्ही सहीशिक्क्यासारखे वापरता. परंतु त्याचा अर्थ नीट लावून पाहा. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येक माणसाच्या वंशवृक्षावर १,०२४ जागा असतात आणि वीस पिढ्या मागे गेले की त्या दहा लाखांच्या वर जातात. इतक्या माणसांत एखादा जादूगार निघणे ही गोष्ट कोणाचेही कूळ ठरवत नाही. त्या पूर्वजाचे नाव कोणाला माहीत नाही, त्याची तिजोरी ग्रिंगॉट्स या जादूगारांच्या बँकेत नाही, त्याच्या चित्राने हर्मायनीकडे पाहून कधी मान डोलावली नाही. तसा पूर्वज त्या भाजीवाल्या दांपत्यालाही असेल आणि शेजारच्या रस्त्यावरच्या, हॉगवर्ट्सचे पत्र कधीच न आलेल्या मुलीलाही असेल. लेखिकेने हॉगवर्ट्सच्या प्रवेशाबद्दल जे लिहून ठेवले आहे त्यातही एका बंद मनोऱ्यातली लेखणी मुलाच्या अंगात जादूची पहिली चमक दिसताच त्याचे नाव वहीत लिहिते. त्या लेखणीने वंशावळ मागितल्याचे कुठेही म्हटलेले नाही. एक गोष्ट मात्र मी मान्य करते, की रोलिंग यांचे ते उत्तर मला स्वतःला आवडलेले नाही. त्याची गरज नव्हती, असे मला आजही वाटते.

आपल्याकडे हे फार पूर्वीपासून चालत आलेले आहे, म्हणून मला जास्त काळजी वाटते. महाभारताच्या आदिपर्वात एकलव्य हा निषादराज हिरण्यधनूचा मुलगा आहे आणि तो निषाद आहे म्हणूनच द्रोण त्याला शिष्य म्हणून नाकारतात. हरिवंशात मात्र तोच एकलव्य वसुदेवाचा भाऊ देवश्रवा याचा मुलगा होतो आणि निषादांनी त्याला फक्त वाढवले असे सांगितले जाते. म्हणजे तो थेट कृष्णाचा चुलतभाऊ ठरतो. मातीच्या पुतळ्यासमोर एकट्याने मिळवलेली ती धनुर्विद्या एका ओळीत यादवांच्या खाती जमा झाली. संत रविदासांनी आपल्या कातडीखाली असलेले सोन्याचे जानवे उघडून दाखवले, अशी कथा भक्तमालेच्या परंपरेत आहे आणि कबीर हा मुळात ब्राह्मण विधवेचा मुलगा, विणकरांनी फक्त सांभाळलेला, असेही सांगितले जाते. ज्यांनी या कथा रचल्या त्यांनाही ती माणसे प्रियच होती. पण त्या प्रेमाला त्यांचे चांभार असणे किंवा विणकर असणे सोसवले नाही.

कर्णाचे उदाहरण मला कोणी ना कोणी देणारच, कारण त्याचे गुप्त दैवी कूळ खरोखरच कथेत आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला ते सांगतो आणि राज्य देऊ करतो. त्यावर कर्ण काय म्हणतो ते वाचा. तो म्हणतो, की मला पाहताच राधेला पान्हा फुटला, अधिरथाने माझे जातकर्म केले, मला नाव दिले, मी त्यांचाच मुलगा आहे. सूर्याचा पुत्र असल्याचे कळूनही तो राधेयच राहतो. आणि हर्मायनीला तुम्ही कोणाचे नाव द्यायला निघाला आहात? सातव्या भागाच्या सुरुवातीला ती आपल्या आईवडिलांच्या स्मृतीतून स्वतःला पुसून टाकते. त्यांना वेंडेल आणि मोनिका विल्किन्स अशी नवी नावे देते, ऑस्ट्रेलियात जाऊन राहण्याची इच्छा त्यांच्या मनात रुजवते, आणि आपण मेलो तर आपल्याला मुलगी होती हे त्यांना कधी कळणारही नाही, हे ती हॅरी-रॉनला सांगते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी असते. अख्ख्या मालिकेत इतका मोठा त्याग दुसऱ्या कोणा मुलाने आपल्या आईवडिलांसाठी केलेला नाही. ते दोघे तिचे ‘खरे’ आईवडील नव्हतेच, असे म्हटले की तो प्रसंग हलका होतो, आणि ज्यांना तिने वाचवले त्यांच्याकडून त्यांची मुलगी दुसऱ्यांदा काढून घेतली जाते.

असे तर्क पुढे कुठे पोचू शकतात, हे आपण एकदा पाहिले आहे. ‘स्टार वॉर्स’च्या २०१५ च्या चित्रपटात रे नावाची भंगार वेचून जगणारी मुलगी आली आणि तिच्यात ‘फोर्स’ची शक्ती कुठून आली यावर दोन वर्षे चाहत्यांनी घराणी सुचवली. २०१७ च्या चित्रपटात सांगितले गेले, की तिचे आईवडील कोणीही नव्हते, दारूच्या पैशांसाठी मुलीला विकून टाकणारी भंगारवाली माणसे होती. त्याच चित्रपटाच्या शेवटी तबेल्यात राबणारा एक मुलगा हात पुढे करतो आणि झाडू आपसूक त्याच्या हातात येतो, मग तो तो झाडू हातात धरून आकाशाकडे पाहत उभा राहतो. मी चित्रपटगृहात रडले होते. २०१९ मध्ये पुढचा चित्रपट आला आणि रे ही सम्राट पाल्पटीनची नात निघाली. त्या तबेल्यातल्या मुलाचे पुढे काय झाले, ते कोणीच सांगितले नाही.

हॅरी पॉटरची नवी दूरदर्शन मालिका येऊ घातली आहे आणि तिच्याबरोबर नव्या वाचकांची एक पिढी पुस्तकांकडे वळते आहे. आमच्या बालविभागातच पहिल्या भागासाठी थांबलेल्या मुलांची यादी एक पान भरून पुढे गेली आहे. त्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही. त्यांच्यापर्यंत पुस्तकाच्या आधी तुमचे व्हिडिओ पोचणार आहेत. म्हणून तुमच्याकडे माझी मागणी अगदी साधी आहे. हर्मायनीला गुप्त कूळ देणारे तर्क यापुढे नव्याने पसरवू नका, आणि जे आधीच मांडले आहेत त्यांच्याखाली निदान हे तरी लिहा, की पुस्तकात तसे काहीही नाही आणि हर्मायनीने स्वतः स्लगहॉर्नला नाही असे उत्तर दिलेले आहे. ‘मडब्लड’, म्हणजे घाणेरड्या रक्ताची, ही शिवी जिला वर्षानुवर्षे दिली गेली ती मुलगी सातव्या भागात ग्रिपहूक नावाच्या गॉब्लिनसमोर ती शिवी स्वतःच्या तोंडाने उच्चारते आणि तिचा मला अभिमान आहे, असे सांगते. तिच्या या शब्दाला आपण मान द्यावा, एवढेच मी मागते.

तर्क करायचेच असतील, तर तिच्या आईवडिलांबद्दल करा, कारण तिथे खरोखर जागा मोकळी आहे. दुसऱ्या भागात ते दोघे ग्रिंगॉट्स बँकेत दिसतात. संगमरवरी दालनात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या त्या लांब काउंटरपाशी ते बावरून उभे आहेत, मुलगी आपली कोणाशी तरी ओळख करून देईल याची वाट पाहत आहेत. रॉनचे वडील मिस्टर वीजली आनंदाने धावत येतात, अहो, तुम्ही मगल आहात, म्हणतात, आणि मिस्टर ग्रेंजर यांच्या हातातल्या दहा पौंडांच्या नोटांकडे बोट दाखवून आपल्या बायकोला हाक मारतात. त्या नोटा त्यांनी घरून निघताना कशा मोजून घेतल्या असतील, हे पैसे इथे चालतील का, असे त्यांनी वाटेत मुलीला कितीदा विचारले असेल, आणि समोरच्या गॉब्लिनने त्या नोटा पहिल्यांदा हातात घेतल्या तेव्हा त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले असेल का, यावर कोणी काही लिहिले, तर ते मला वाचायला नक्की पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तालुका ग्रंथालयातील एक ग्रंथपाल